येडम म्हणजे डावीकडं

सोलापूर,
रविवार दुपार (लाईट आहे तोवर लिहून घेतो)

प्रिय मित्रा,

तुझा तो आठ मिनटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा कळलंच नाही की तुला नेमकं काय पाहिजे, अर्धा वेळ तर तू ऑफिसवरच बोललास. मुद्दा एवढाच ना की पोरगं सुट्टीत दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतंय आणि विचारलं तर "हं" च्या पुढं बोलत नाही. फोनवर सांगितलं असतं पण तू मधेमधे बोलतोस बे, म्हणून पत्र.

आमच्याकडं मोबाईल बंद वगैरे काय केला नाही. मे महिन्यात इथं पारा 43 च्या पुढं, सकाळी दहानंतर पोराला पाठवणार कुठं? क्रिकेट संध्याकाळी साडेसहाला, तेबी नळाला पाणी यायचा दिवस नसला तर. मधले आठ तास घरातच. तर मी ठरवलं की खेळायचंच आहे ना, मग असा गेम खेळ ज्यात तोंड उघडल्याशिवाय जिंकताच येत नाही.

हा गेम सुचवला भाचीनं, हुबळीला ताईकडची. नाव लांब आहे, कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स, 2015 चा, म्हणजे नवीन काय नाही. एकाच्या स्क्रीनवर बॉम्ब, घड्याळ उलटं पळतंय. बाकीच्यांना बॉम्ब दिसत नाही, त्यांच्याकडं फक्त 23 पानांचं मॅन्युअल, आणि ज्याच्याकडं बॉम्ब त्यानं मॅन्युअल बघायचं नाही. ते वाचून सांगणार, हा ऐकून वेळ संपायच्या आत बॉम्ब निकामी करणार. तीन चुका झाल्या की धडाम, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ अजून जोरात पळतं, म्हणजे घाबरलेल्याला अजून घाबरवायचं काम. विकत एकानंच घेतला तरी चालतो, मॅन्युअल फुकट आहे, बाकीचे व्हिडिओ कॉलवर. मी ते मॅन्युअल प्रिंट करायला गेलो तर झेरॉक्सवाला वरचं "बॉम्ब डिफ्यूजल" वाचून माझ्याकडं असा बघाय लागला की मी आधी पोराचा फोटो दाखवला आणि मग पैसे दिले.

पहिल्या दिवशी टीम अशी: आमचे चिरंजीव बॉम्बवर, भाची हुबळीहून, आणि त्याच्या वर्गातला एक पोरगा, अशोक चौकाकडं राहतो, घरी तेलुगू बोलतात. मॅन्युअल इंग्रजीत, पोरं सेमीची, म्हणजे वाचायचं इंग्रजीत, समजायचं मराठीत आणि ओरडायचं ज्याच्या त्याच्या भाषेत. वायरींचा नियम बघ, तीन वायरी असतील आणि त्यात लाल एकपण नसली तर दुसरी कापायची. सोपं वाटतंय ना? आमचा म्हणतो "कापू का, कापू का", तिकडून भाची विचारतीय किती वायरी, हा सांगतोय "लई आहेत". लई म्हणजे किती बे! तिथंच दोन चुका. बॉम्बच्या दुसऱ्या खोक्यात चित्रविचित्र चिन्हं असतात, त्यांना नावंच नाहीत, तुम्हीच सांगायचं कसं दिसतंय. त्यात पोरं रंगली. एकाला त्रिशूळ म्हणाले, एकाला घोड्याची नाल, एक डोक्यावर उभं राहिलेलं प्रश्नचिन्ह. नावं एकदा ठरली की पुढच्या डावाला पाच सेकंदात काम.

खरी मजा चक्रव्यूहाच्या खोक्यात झाली. बॉम्बवाल्याला चौकटीत एक पांढरा दिवा आणि एक लाल त्रिकोण दिसतो, दिवा त्रिकोणापर्यंत न्यायचा, पण मधल्या भिंती फक्त मॅन्युअलमध्ये. म्हणजे आंधळ्याला हात धरून न्यायचं. अशोक चौकवाला घाईत ओरडाय लागला "येडम, येडम!" आमचा पेटला, "मला येडं म्हणतोस? तूच येडं!" आणि हेडफोन काढून उठला. बॉम्ब गेला. मग कळलं की तेलुगूत येडम म्हणजे डावीकडं. तेवढ्यात भाची म्हणाली आमच्याकडं कन्नडमध्येबी एडक्क म्हणजे डावीकडंच. आमचा म्हणे "म्हणजे दोघं मिळून मलाच येडं म्हणाले." मी हसून हसून बेजार, पण त्यानं लगेच हसायला घेतलं नाही, दहा मिनटं लागली. ते दहा मिनटं मी मधे पडलो नाही, आणि ते मला लई अवघड गेलं. शेवटी त्याच पोराचा फोन आला, "सॉरी, मी डावं म्हणतो." त्यानंतर त्यांनीच एक पद्धत काढली, समोरच्यानं सांगितलं की आधी ते तसंच परत म्हणायचं, मग बटण. "दोन डावं?" "हां, दोन डावं." कुणी शिकवलं नाही रे.

मी पण एकदा बसलो बॉम्बवर. दीड मिनटात फुटला. पोरगा म्हणतो, "पप्पा, तुम्हाला काय दिसतंय ते सांगतच नाही, नुसतं लवकर लवकर करता." बायको किचनमधून म्हणाली, खरंय. ही दोन वाक्यं मी अजून पचवतोय.

नाना मात्र भारी निघाले. तुला माहितीय की, उभी हयात लूमवर गेली, त्या खडखडाटात शेजारच्याला काय ऐकू जाणार, सगळं हातावर आणि ओठांवर चालायचं. एके दिवशी नेट असं रडत होतं की चित्र चालू पण आवाज गायब. पोरं वैतागली. नाना खाटेवरनं उठले, कॅमेऱ्यासमोर येऊन बोटांनी "तीन", मग तळहात आडवा, म्हणजे थांब. हुबळीवाली लगेच समजली! आता त्यांच्या खुणांची वही केलीय, नानांना रोज चार वाजता बोलावणं असतं. दुपारची झोप मोडली म्हणून कुरकुर करतात, पण पावणेचारला शर्ट घालून तयार.

बाकी गेमचं थोडक्यात. स्क्रिबल चांगला, एकानं चित्र काढायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं, स्वतःचे शब्द टाकता येतात. पोरांनी शेंगा चटणी, कडक भाकरी, गड्ड्याची जत्रा, तिच्यातला उंच काठीचा नंदीध्वज असले टाकले, भाचीनं नंदीध्वज काढला तर सगळ्यांनी झाडू लिहिलं. अमंग अस, म्हणजे आपल्यातलाच लपलेला चोर शोधायचा गेम, मला तेवढा पटला नाही, त्यात खोटं बोलणाराच हुशार ठरतो, आणि आमच्यातला एक पोरगा इतका सराईत निघाला की मला त्याच्या बापाची काळजी वाटली. पण एक आहे, नुसतं "हाच चोर" म्हटलं की बाकीचे विचारतात "कुठं बघितलास?", तेवढं बरं. ठोकळे रचायच्या माइनक्राफ्टमध्ये आपला भुईकोट किल्ला बांधायला घेतला होता, बुरूज कुणी बांधायचा यावरून भांडण होऊन खंदकावरच थांबलाय.

आणि तो ऑनलाइन गेमवर पैसे लावायचा प्रकार तुझ्या सोसायटीत कुणी करत असेल तर लांब ठेव, 2025 मध्ये कायद्यानंच बंद केलाय. अनोळखी लोकांच्या रूममध्ये पण नको, आमच्याकडं प्रायव्हेट रूम, ओळखीचीच पोरं, आणि लॅपटॉप हॉलमध्ये. तू म्हणशील गेमनं काय होतंय. अरे आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यांना, त्यांनी झेडपीच्या पोरांना स्क्रीनवरूनच परदेशातल्या पोरांशी बोलायला लावलं. आपल्याला तर तुझं हडपसर ते आमचं जुळे सोलापूर एवढंच जमवायचंय.

तर पुढच्या रविवारी चार वाजता तुझ्या पोराला बसव. पहिल्या दिवशी बॉम्ब नको, मॅन्युअल दे, गप्प पोराला वाचून दाखवायचं काम सोपं जातं, समोरचा मरायला टेकलेला असतो मग आपोआप बोलतं. तू शेजारी बसू नकोस. आणि त्याला आधीच सांगून ठेव, तिकडून कुणी येडम म्हणालं तर चिडायचं नाही, डावीकडं जायचं.

चटणीचा डबा मेव्हण्याबरोबर पाठवलाय, रिकामा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडंच आहेत.

तुझा,
सोलापूरकर