रात्रपाळी झाली, भत्ता कुणालाच नाही

संपादक महाशय,

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका सोयाबीन तेल कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट आहे. नवीन सोयाबीनची आवक सुरू झाली की प्लांट तिन्ही पाळ्या चालतो आणि रात्रपाळी भत्त्याची कुरबुर सुरू होते. यंदा ती गेटसभेपर्यंत गेली.

बॉयलर सोडून जाता येत नाही. प्रमाणपत्र असलेला माणूस जागेवर लागतोच. तिसऱ्या पाळीवाला आला नाही, तर मी अकराला सुटायचा तो पहाटे तीनपर्यंत थांबतो आणि सकाळी सातचा गडी तीनलाच हजर होतो. त्या वेळी एसटी कुठली? रोही (नीलगायी) आडवे येणाऱ्या रस्त्यानं मोटारसायकलवर यावं लागतं. म्हणजे रात्र दोघांनी मिळून काढली. पण मस्टरवर माझी दुसरी पाळी आणि त्याची पहिली, त्यामुळे भत्ता दोघांनाही नाही. जो आलाच नाही त्याला तर मिळायचा प्रश्नच नाही. रात्रीमागचे 60 रुपये कारखान्याचे वाचले.

साहेब म्हणतात, ओव्हरटाइम दुप्पट देतो, मग भत्ता कशाला? अहो, ओव्हरटाइम जादा तासांचा, भत्ता रात्रीचा. बरं, दुप्पट तरी कशाची? 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 59 मध्ये मूळ पगारासोबत भत्तेही धरायला सांगितले होते. आमच्याकडे हिशेब आजवर नुसत्या मूळ पगारावरच झाला.

रात्रपाळी भत्ता त्या कायद्यात नाही, तो करारातून मिळतो. म्हणून खरी गोम करारात आहे. आमच्या करारात ‘तिसऱ्या पाळीस भत्ता’ एवढंच लिहिलंय, वेळ लिहिलेली नाही. पूर्वी तिसरी पाळी दहाला लागायची. या हंगामात फळ्यावर कागद चिकटवून ती अकराला नेली. रात्रीचा एक तास दुसऱ्या पाळीत गेला, तोही बिनभत्त्याचा. भत्ते किंवा पाळ्या बदलायच्या तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ प्रमाणे 21 दिवसांची नोटीस लागायची, त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती अट आहे. आम्हाला कागद दिसला तो आदल्या संध्याकाळी.

युनियननं तेव्हाच सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जायला हवं होतं. ‘पुढच्या मागणीपत्रात घेऊ’ असं सांगून विषय ठेवून दिला. आमचे पदाधिकारी जवळपास सगळे जनरल पाळीत आहेत, संध्याकाळी सहाला घरी जातात. त्यांची नियत वाईट आहे असं मी म्हणत नाही, वर्गणी मी आजही भरतो. पण गेटसभेत ढेपेच्या गोदामातला एक म्हातारा गडी बोलला, “रात्र तं रात्रच असते ना बाप्पा, मस्टरवर काई का लिवा!” त्यावर मंचावरून कोणी उत्तर दिलं नाही. (ठेकेदाराच्या हमालांना तर भत्ता माहीतच नाही, तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.)

पुढच्या करारात पाळीचं नाव नको, ‘रात्री 10 ते सकाळी 6 मधल्या प्रत्येक तासाला भत्ता’ असं लिहून घ्या. आणि वाटाघाटीला बसणाऱ्यांत रात्रपाळी करणारा एक तरी माणूस न्या. बैठक दुपारी असेल तर मी झोप मोडून येतो.

— एक बॉयलर अटेंडंट, मंगरूळपीर तालुका, जि. वाशिम
(नाव छापू नये, ही विनंती)