पेटी जवळ घेऊन ऐका

रॉटरडॅम

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काकांचा पोरगा गणपतीला गावी येतोय. त्याच्याकडे तुमच्यासाठी पाकीट दिलंय: चॉकलेटं, आईची गुडघ्याला लावायची ट्यूब आणि एक पेन ड्राइव्ह. चॉकलेटं बाबांनी कपाटात दडवू नयेत, साखर वाढल्याचं मला कळलंय. पेन ड्राइव्ह कारवाँ रेडिओच्या खाचेत घालायचा आणि बटण 'यूएसबी'वर न्यायचं. अडलंच तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला हाक मारा, पण त्याला गाणी निवडू देऊ नका.

गेल्या वर्षभरात मला नव्याने सापडलेली गाणी त्यात आहेत. लिंक पाठवली की बाबा अंगठा दाखवतात आणि उघडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. माझी अट एकच, बाबांनी पेटी जवळ घेऊन बसायचं. इथे 'छान आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'अगं, हा तर अमका राग, पण इथे हा सूर चुकवतोय' असं म्हणणारं माणूस कुडाळातच राहिलं.

आई, पहिलं फोल्डर तुझं. बाईचं नाव सेझारिया एव्होरा. आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक समुद्रात केप व्हर्दे नावाची दहा बेटं आहेत, तिथली. पोर्तुगीज आपल्या गोव्यातून १९६१ला गेले, तिथून १९७५ला. त्या बेटांवरची कितीतरी माणसं बोटीवर कामाला लागून इथे रॉटरडॅमला आली आणि इथेच राहिली. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्यांच्यातल्याच. इथे हेमराड्सप्लाइन म्हणून चौक आहे, त्याला ही मंडळी आपसात कडकी लागलेल्यांचा चौक म्हणतात. बोट सुटेपर्यंत खिशात दमडी नसलेले खलाशी तिथे बसून राहायचे. यांच्या गाण्यांच्या तबकड्या काढणारी मोराबेझा नावाची कंपनीही १९६५मध्ये याच शहरात निघाली.

आजींच्या स्वयंपाकघरात मका-घेवड्याचं कालवण रटरटत असताना मी ही बाई पहिल्यांदा ऐकली. भांड्यांच्या आवाजातून नुसता सूर येत होता. भाषा एक अक्षर कळत नव्हती, तरी हातातलं ताट खाली ठेवून मी उभी राहिले. या गाण्याला मोर्ना म्हणतात. ठाय लय, गिटार, चार तारांचं एक लहानसं कावाकिन्यो, कधी व्हायोलिन, कधी क्लॅरिनेट. तिचा आवाज कुठेही ओरडत नाही. वरच्या सुरावर जाऊन टाळ्या घ्यायच्या, हा प्रकारच नाही. ती बोलता बोलता गाते. मिंडेलो गावच्या दारूच्या गुत्त्यांत ती वर्षानुवर्षं गायली, मधली बरीच वर्षं गाणं सोडून घरी बसली आणि १९९२मध्ये पॅरिसहून तिची 'मिस परफुमादो' ही तबकडी आली तेव्हा कुठे जगाला तिचं नाव कळलं. पन्नाशी उलटली होती. मोठमोठ्या थिएटरांतही ती अनवाणी यायची. कार्यक्रमाच्या मध्येच टेबलाशी बसून निवांत सिगारेट ओढायची, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर कुणी तुला व्हिडिओ दाखवेल आणि तू म्हणशील, 'ह्यां काय गो!' २०११मध्ये ती गेली. आता मिंडेलोच्या विमानतळाला तिचं नाव आहे.

'सोदाद' हे त्या फोल्डरमधलं पहिलं गाणं. या बेटांवर पाऊस नाही, दुष्काळ पाचवीला पुजलेला. म्हणून माणसं करारावर साओ तोमे बेटावर कोकोच्या मळ्यांत राबायला जायची. त्या वाटेबद्दलचं हे गाणं आहे. आजोबा परळच्या गिरणीत होते तेव्हा आजी वेंगुर्ल्याच्या बंदरावर आगबोटीची वाट बघायची, हे तूच मला सांगितलंयस. मला वाटतं, आजीला हे गाणं समजावून सांगावं लागलं नसतं. संध्याकाळी दिवा लावून झाला की लाव. बाबा भजनाला गेलेले असतील तर उत्तम. ते पहिल्या मिनिटाला 'ठेका कुठाय?' म्हणून विचारतील आणि तुझं ऐकणं बिघडवतील.

बाबा, आता तुमचं. इथिओपिया.

मुलातु अस्तात्के हा माणूस १९४३चा. घरच्यांनी इंजिनीअर होण्यासाठी वेल्समध्ये शिकायला पाठवला आणि तो संगीतात शिरला. (तुमच्या चेहऱ्यावर आत्ता काय उमटलं असेल ते मला दिसतंय.) पुढे लंडन, मग अमेरिकेत बॉस्टनला बर्कली हे संगीताचं कॉलेज. तो व्हायब्राफोन वाजवतो: धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, वरून मऊ डोक्याच्या काठ्या. आवाज घुमत राहतो. तो जॅझ वाजवतो, पण सूर त्याच्या गावचे ठेवतो. त्यांच्याकडे मुख्य चार स्वरमेळ आहेत, प्रत्येकात सूर फक्त पाच. आता पेटी ओढा.

'तिझिता'चा एक प्रकार म्हणजे सा रे ग प ध. सगळे शुद्ध. हसलात ना? चक्क भूप. 'अंबासेल' वाजवा: सा, कोमल रे, शुद्ध म, प, कोमल ध. गुणकली! मी ट्राममध्ये कानात लावून ऐकत होते आणि माझा स्टॉप मागे गेला. सूर सारखे म्हणून राग सारखा होत नाही, हे तुम्ही म्हणणारच. बरोबर आहे. गुणकलीतला तो झुलवत लावलेला कोमल रिषभ यांच्याकडे नाही, आणि सकाळच्या वेळेचाही काही संबंध नाही. रात्री बारमध्ये बिनदिक्कत चालतो. पण खरी मजा 'अंचिहोये'मध्ये आहे. सा, कोमल रे, शुद्ध म, लगेच तीव्र म, आणि शुद्ध ध. पंचम नाहीच. दोन्ही मध्यम खेटून उभे, ललितसारखे, पण गंधार आणि निषाद दोन्ही गायब. मला हे गळ्यातून काढता येत नाही. गंधार आपोआप लागतो, ललित आठवत राहतो. तुम्ही पेटीवर हे पाच सूर वर-खाली करून बघा आणि ललितची सावली पडू न देता किती वेळ राहता येतं ते मला सांगा. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंत तर फारच छान.

त्या संगीतात पितळी वाद्यांचा एवढा भरणा कसा, याचीही गोष्ट आहे. १९२४मध्ये इथिओपियाचे राजपुत्र तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, जेरुसलेमला गेले होते. तिथे आर्मेनियन लोकांच्या कत्तलींतून वाचलेल्या अनाथ पोरांचा बँड त्यांनी ऐकला आणि ती चाळीस पोरं उचलून आदिस अबाबाला आणली, सरकारी बँड म्हणून. त्यांच्या बँडमास्तरनेच पुढे देशाच्या तेव्हाच्या राष्ट्रगीताला चाल लावली. साठीच्या दशकात आदिसमध्ये सॅक्सोफोन-ट्रंपेटवाल्यांची चलती होती. १९७४मध्ये लष्कराने सम्राटाला खाली ओढलं, रात्रीची संचारबंदी आली आणि रात्रीचं गाणं संपलं. त्या जुन्या तबकड्या १९९०च्या दशकाच्या शेवटी 'एथिओपिक्स' या फ्रेंच मालिकेने पुन्हा बाहेर काढल्या. मी ऐकते त्या त्याच.

याच मालिकेत एक जोगीण आहे. एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू. आईने भूपाळ्यांनंतर, चहा उकळेपर्यंत ही ऐकावी. मोठ्या घरची मुलगी, लहानपणी स्वित्झर्लंडमध्ये शिकली, पुढे लंडनला संगीत शिकायला जाण्याची परवानगी नाकारली गेली तेव्हा तिने अन्नपाणी सोडलं आणि नंतर मठात गेली. डोंगरावरच्या मठात दहा वर्षं अनवाणी राहिली. पियानोकडे मात्र ती पुन्हा आली. जेरुसलेमच्या मठात ती शेवटपर्यंत होती, २०२३मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी गेली. एकटा पियानो, दुसरं काही नाही. डावा हात अगदी साधा, उजवा हात मुरक्या घेत फिरतो. पियानोवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही हे खरं, पण ही सूर असे घाईने शेजारी ठेवते की निघाल्यासारखी वाटते. बाबा, तुम्ही पेटीवर नेमकं हेच करता. बुवांनी घेतलेली मींड पेटीवर देताना तुमची बोटं जी लबाडी करतात, ती इथे पियानोवर ऐका.

तिसऱ्या फोल्डरमध्ये कोरा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातलं वाद्य. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं, लांब दांडी आणि एकवीस तारा. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, एवढ्याच चार बोटांनी वाजवतात. मिरजेचे तंबोरे करणारे पंढरपूरकडचे भोपळे आणतात, ते बघायला तुम्ही मला लहानपणी नेलं होतं. तिथल्या कुणाच्या हातात हे वाद्य दिलं तर तो आधी भोपळा वाजवून बघेल. तुमानी दियाबाते या कलावंताचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलंय. राजांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या आणि गायच्या. आपल्याकडे हेळवी येतात ना पिढ्या वाचायला, तसे. फक्त यांच्या हातात वाद्य असतं. त्याची १९८८ची 'कायरा' ही तबकडी दिलीय. एकटा माणूस, एकदाच बसून वाजवलेलं. खर्जाची चाल, मधला ठेका आणि वरचे आलाप तिघे वाजवतायत असं वाटतं. तो २०२४च्या जुलैमध्ये गेला. मला सापडला त्यानंतर.

कर्नाटकी संगीताला बाबा नाकं मुरडतात म्हणून मुद्दाम दोन गोष्टी टाकल्यात. कद्री गोपालनाथ हे मंगळूरकडचे, वडील नादस्वरमवाले. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि यांनी तो कर्नाटकी रागांसाठी धरला. सॅक्सोफोनवर गमक! हिंदी सिनेमातला मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन तुम्हाला आवडतो, मग हाही सहन होईल. दुसरी तंजावरकडची हरिकथा. भाषा तमिळ, पण मध्येच साकी आणि दिंडी येते तेव्हा दचकू नका. आपल्या कीर्तनकारांनी मराठ्यांच्या तंजावरात नेलेली ती चाल अजून तिथे नांदतेय. कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग यावर तुम्ही मला तासभर सुनावलंय, आता हे ऐकून उलट मला समजवा.

लोर्नाची कोंकणी गाणी आईसाठी, जुन्या पणजी आकाशवाणीच्या आठवणीला. त्यावर फार लिहीत नाही, ती तुला माझ्यापेक्षा पाठ. फक्त एक: 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी गोन्साल्विस हे खरं नाव आहे. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालचे गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात अमर केलं आणि निम्म्या देशाला ते नुसतं गमतीचं नाव वाटलं.

एक गोष्ट टाकलेली नाही. 'मनःशांतीसाठी बासरी' छापाचं जे काही सगळीकडे वाजत असतं, त्यात बासरीही नसते आणि शांतीही नाही. मागे पाण्याचा आवाज, वर कुठल्याही तालाला चिकटवलेला तबला. कुणी पाठवलंच तर पुसून टाका, मी सांगितलं म्हणून.

शेवटच्या फोल्डरमध्ये 'तांबडी चामडी' आहे, ते भाचरांसाठी. २०२४चं, मराठीतलं, नाइट क्लबात वाजणारं. इथल्या एका डच कंपनीने ते जगभर नेलं आणि माझ्या ऑफिसातली गोरी पोरं अर्थ न कळता त्यावर नाचतात. बाबा, त्यात सूर शोधू नका, मिळणार नाहीत. ठेका मात्र पक्का आहे. गणपतीत आरत्या झाल्यावर पोरं लावतील तेव्हा आवाज कमी करायला सांगू नका, आईलाही पाय हलवू द्या. गुडघ्याची ट्यूब पाठवलीच आहे.

रविवारी भजनाहून आलात की फोन करा. आधी अंचिहोयेचं सांगायचं, मग साखरेचं.

तुमची,
बायो

ता. क. पेन ड्राइव्ह काढताना आधी कारवाँ बंद करा. आणि आई, 'सोदाद' ऐकून झाल्यावर आजीच्या आगबोटीची गोष्ट पुन्हा एकदा पहिल्यापासून फोनवर सांग. खालच्या आजींना सांगायचं मी कबूल केलंय, आणि मला बोटीचं नाव आठवत नाहीये.