व्हॅनमधली पुस्तकं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी याच सदरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. हल्लीची मुलं वाचत नाहीत, आणि वाचलंच तर जादूटोण्याचं इंग्रजी काहीतरी वाचतात, असं त्यांनी कळवळून लिहिलं होतं. पत्र वाचून मला रात्रभर चैन पडली नाही, कारण मी रोज नेमकं उलटं बघतो.

मी सिडकोत राहतो. १७ वर्षं शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी पवननगरमधून निघायचं, त्रिमूर्ती चौक, उंटवाडी, मायको सर्कल करत गंगापूर रोडला मुलं सोडायची आणि दुपारी तीच माघारी आणायची. दिवसाचे दीड-दोन तास मुलं माझ्या पाठीशी बसून बोलत असतात. त्यांच्या आईवडिलांच्या वाट्याला एवढं बोलणं येत नाही. त्या बोलण्यातून मला जी पुस्तकं मिळाली, ती इतर वाचकांना सांगावीत म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, यातली इंग्रजी पुस्तकं मी वाचलेली नाहीत, ऐकलेली आहेत. माझं शिक्षण मराठीतून दहावीपर्यंत झालं. मराठी पुस्तकं मात्र सगळी स्वतः वाचली आहेत, बरीचशी सीएनजीच्या रांगेत.

सुरुवात झाली ती दोन पावसाळ्यांपूर्वी. नासर्डीला पाणी आलं होतं आणि उंटवाडीच्या पुलाजवळ आम्ही पाऊण तास अडकलो. मागच्या सीटवर आठवीतली एक मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन रडत होती. कोणी काही बोललं का, म्हणून मी विचारलं. "नाही काका, पुस्तकात झालंय," ती म्हणाली. काय झालं, तर म्हणे, पहिल्यापासून सांगावं लागेल. मग सांग. चार दिवस ती सांगत होती.

कॅथरीन रंडेल या इंग्लंडच्या लेखिकेचं 'इम्पॉसिबल क्रीचर्स' हे ते पुस्तक, २०२३ साली आलेलं. ख्रिस्तोफर नावाचा मुलगा स्कॉटलंडमध्ये आजोबांकडे राहायला जातो. पुराणांतले, दंतकथांतले सगळे प्राणी जिथे अजून जिवंत आहेत, अशा बेटांच्या जगाची वाट त्या आजोबांच्या राखणीत असते. तिथून माल नावाची मुलगी येते. तिच्याकडे उडता येणारा कोट आहे, पण तो वारा असेल तरच उडतो. हे ऐकून पहिलीतल्या पोरानं खिडकीबाहेर हात काढून वारा आहे का बघितलं. हात आत घे म्हणून मला ओरडावं लागलं, पण मनातून मी सुखावलो होतो.

सांगता सांगता ती एका शब्दाला अडली. ग्रिफिनला मराठीत काय म्हणायचं? अंग सिंहाचं, डोकं आणि पंख गरुडाचे. मला किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ आठवला. शरभ म्हणजे हुबेहूब ग्रिफिन नव्हे हे मला ठाऊक आहे, पण तोही अनेक प्राणी मिळून झालेला, आपल्या दगडांत कोरलेला. मी म्हटलं, "शरभ म्हण." तिला तो शब्द इतका आवडला की पुढचं सगळं पुस्तक तिनं शरभाचं पिल्लू म्हणूनच सांगितलं. ती कुठल्या ठिकाणी रडली ते लिहीत नाही, वाचणाऱ्याचा विरस होईल. मायको सर्कलच्या सिग्नलला आमची अख्खी गाडी गप्प होती, एवढंच सांगतो. त्याचा पुढचा भाग 'द पॉयझन्ड किंग' २०२५ मध्ये आला आहे. तो तिला वाढदिवसाला मिळाला आणि तिनं तो रोज थोडाथोडा पुरवून वाचला.

त्यानंतर गाडीत पायंडाच पडला. जाताना पेंग असते, त्यामुळे गोष्ट परतीच्या फेरीत. पुस्तक इंग्रजी असलं तरी सांगायचं मराठीतून, कारण लहानांना कळायला हवं. हा नियम मी केला नाही, मुलांनीच केला.

रोशनी चोक्शी यांची आरू शाहची पुस्तकं सहावीतल्या एका मुलानं सांगितली. पहिलं, 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम', २०१८ चं. एकूण पाच आहेत आणि मालिका २०२२ मध्ये पूर्ण झाली आहे, म्हणजे पुढच्या भागाची वाट बघत बसायला नको. अमेरिकेत अटलांटा शहरात आरू नावाची मुलगी आईच्या संग्रहालयात राहते. खोटं बोलायची सवय, त्यातून वर्गातल्या मुलांनी डिवचलेलं, म्हणून ती एक शापित दिवा लावते आणि नको ते जागं होतं. मग कळतं की तिच्यात पांडवाचा आत्मा आहे. तो मुलगा सांगत होता, "काका, तिची मैत्रीण मिनी, ती यमाची मुलगी." मी गिअर बदलता बदलता म्हणालो, "म्हणजे धर्मराज." गाडीत एकदम शांतता. "तुम्हाला कसं कळलं? तुम्ही वाचलंय?" पुढे ब्रिन नावाची मुलगी आली, दांडगी आणि स्वयंपाकाची आवड असलेली. मी म्हटलं, हा भीम. विराटाच्या घरी तो बल्लव होऊन स्वयंपाकघरात राबला होता. त्या दिवसापासून मुलं माझ्याकडे आदरानं बघतात. मला मात्र माझ्या आजीची आठवण झाली. अक्षरओळख नसलेल्या बाईनं ओसरीवर बसून सांगितलेलं महाभारत इतक्या वर्षांनी अमेरिकेहून फिरून माझ्या गाडीत आलं होतं.

एका आजोबांनी मला गेटवर थांबवून विचारलं, पांडवांच्या मुली केल्या, हे तुम्हाला पटतं? मला पटतं. आपल्या कीर्तनकारांनी, गोंधळ्यांनी महाभारत काय कमी फिरवलं आहे? ऐकणाऱ्याच्या गावचं करून सांगितलं म्हणून तर ते टिकलं. हे पुस्तक वाचल्यावर त्या मुलानं घरी खरं महाभारत मागितलं, हेही मी त्या आजोबांना सांगितलं.

थोडी सावधगिरीही सांगतो. सुझन कॉलिन्स यांचं 'सनराइज ऑन द रीपिंग' मार्च २०२५ मध्ये आलं. 'हंगर गेम्स' मालिकेतलं हे पुस्तक. बारा विभागांतून मुलं निवडून आणायची, त्यांना एकमेकांना मारायला लावायचं आणि सगळ्या देशानं ते टीव्हीवर बघायचं. या पुस्तकातला खेळ पन्नासावा, म्हणून मुलंही दुप्पट, ४८. दहावीतली मुलगी मला हे सांगत होती, तेव्हा मी तिला पुढच्या सीटवर घेतलं आणि हळू सांग म्हटलं, कारण मागे दुसरीतली होती. पुस्तक वाईट नाही. उलट मोठ्यांच्या सत्तेची किंमत मुलं कशी मोजतात, ते त्या मुलीनं मला जसं समजावलं तसं मला कधी कोणी समजावलं नव्हतं. पण नववीच्या आत नको, आणि वाचल्यावर घरात कोणीतरी बोलायला हवं.

आणि 'फोर्थ विंग'. एका आईनं वरचा ड्रॅगन बघून ते सातवीतल्या मुलीसाठी घेतलं होतं. ते मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, त्यात शरीरसंबंधांची वर्णनं आहेत. मला हे एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं, जी पूर्वी माझ्याच गाडीतून जायची. ड्रॅगन दिसला म्हणजे मुलांचं पुस्तक, असं धरू नका. दुकानात विचारा, मागचं पान वाचा.

आता मराठी. ड्रायव्हरच्या सीटमागे मी जाड कापडाचे खिसे शिवून घेतले आहेत, त्यात नऊ पुस्तकं मावतात. सगळ्यात जास्त विरलंय ते 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ पुस्तक १९९७ चं, त्यात नवीन काही नाही, पण मराठी नाव बघा. परीस! लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्या अभंगांतून, म्हणींतून आधीच घरात होता. ज्या कोणाला हा शब्द सुचला त्याला माझा नमस्कार. एका मुलाच्या वडिलांनी, ते अंबडला कारखान्यात आहेत, मुलाकडून हेच पुस्तक मागून घेतलं. बाप-लेक एकच पुस्तक वाचताहेत, हे इंग्रजीतून झालं नसतं.

भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला', याला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पाचवी-सहावीवाल्यांना द्या. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला फेलूदा आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्यात जादू नाही, पण वाचायची सवय लावायला त्यांच्यासारखं दुसरं नाही. नारळीकर सरांचं 'यक्षांची देणगी' मी डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला साहित्य संमेलनात घेतलं. सर संमेलनाध्यक्ष होते, पण तब्येतीमुळे येऊ शकले नव्हते. मे २०२५ मध्ये ते गेले. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी ते पुस्तक पहिल्या खिशात ठेवलं. दहावीपर्यंत माझ्या गाडीतून गेलेला एक मुलगा परवा भेटला. म्हणाला, काका, आमच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा आहे, त्यात मराठे पानिपत जिंकतात. ती नारळीकरांची गंगाधरपंतांची गोष्ट, मूळ मराठी, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ते लागलं. आपली गोष्ट आपल्या मुलाला परक्या भाषेत भेटते आणि ती आपली आहे हे सांगायला कोणी नसतं.

मी सातवीत असताना सिन्नरला मामाकडे एक पुस्तक वाचलं होतं. कव्हर गेलेलं, पहिली दहा पानं नाहीत. भुयारं, कट, तलवारी, आणि गायब झालेला राजपुत्र. मामी जेवायला हाका मारायची आणि मी माळ्यावर. नाव कळलं थेट चाळिशीत, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. नाथमाधवांचं 'वीरधवल'. लेखक १९२८ मध्येच वारलेले. १८४० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयात उभ्या उभ्या मी पन्नास पानं वाचली. पत्र लिहिणाऱ्या ज्येष्ठांना मी विनंती करतो, तुमच्या लहानपणीचं असं एखादं पुस्तक आठवा. त्यात जादू नव्हती का?

एका शाळेत, नाव लिहीत नाही, मधल्या सुट्टीत वाचतो म्हणून मुलाचं पुस्तक काढून घेतलं आणि वर्ष संपेपर्यंत दिलं नाही. तो मुलगा गाडीत माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारू लागला, पुढे काय झालं असेल काका? मला इंग्रजी येत नाही, मी काय सांगणार. म्हणून त्या दिवशी मी त्याला रामशेजची गोष्ट सांगितली.

आशेवाडीजवळचा आपला रामशेज. १६८२ पासून मोगलांनी वेढा घातला आणि किल्ला वर्षानुवर्षं हलेना. गडावर तोफा नाहीत, तर मावळ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या, कातडं लावलं. गडावर भुतं राखण करतात अशी अफवा छावणीत पसरली. मग मोगलांकडचा एक माणूस म्हणाला, मला भुतं वश आहेत, सोन्याचा नाग करून द्या, मी सैन्याला दरवाजापर्यंत नेतो. नाग घडवला. तो हातात धरून हा पुढे, सैन्य मागे. आणि अर्ध्या वाटेवर गोफणीचा एक धोंडा छातीवर बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे. पवननगर आलं तरी कोणी उतरेना. "काका, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

इतिहासाच्या जाड पुस्तकांत आहे, असं मी म्हणालो. "नाही, आमच्यासाठीचं कुठलं?" त्याला सांगायला माझ्याकडे नाव नव्हतं. साल्हेरवरून परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला असं आपण सांगतो. माझ्या गच्चीवरून त्रिरश्मीचा डोंगर दिसतो. तिथली २४ लेणी बौद्ध भिक्षूंची, पण गावानं त्यांना पांडवलेणी नाव दिलं, म्हणजे तिथेही कोणीतरी गोष्ट रचलीच. इथल्या लिहिणाऱ्यांना हात जोडून सांगतो, बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी यातलं काही लिहा, तीन-चारशे पानांचं, घसघशीत. ही मुलं जाड पुस्तकाला भीत नाहीत. आणि प्रकाशकांनी वर सांगितलेल्यांपैकी निदान शरभाचं पुस्तक मराठीत आणावं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या घरोघरी पुस्तकं पोचवतात. तशी एक पेटी फक्त या वयाच्या अद्भुतकथांची झाली, तर ती या गाडीतून त्या गाडीत फिरवायची जबाबदारी माझी. आमच्या स्टॉपवर सहा व्हॅन उभ्या असतात, चौघांशी मी बोललो आहे.

वाचकांनी या सदरातून आपापली नावं सुचवावीत. सध्या गाडीत चौथीतला एक मुलगा नवीन आला आहे. त्याला इंग्रजी भराभर वाचता येत नाही, जोडाक्षरांना अडतो, पण सोन्याच्या नागापासून त्याला नागांचीच गोष्ट हवी आहे. मोठ्या अक्षरांतलं कुठलं पुस्तक असेल, तर ते आधी कळवा.

आपला,
एक व्हॅनवाले काका,
पवननगर, सिडको, नाशिक