डिकीची काठी

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी भाजी मंडईत होतो, दोन्ही हातांत पिशव्या. म्हणून नुसतं "बघू" म्हणालो. तू त्याचा अर्थ हो असा घेतला असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. माझी मरीना गाडी तुला विकणार का, हे एका शब्दात सांगण्यासारखं नाही रे. बसलो मग लिहायला.

आधी कागदांचं सांगतो. गाडी जुलै 2007 ची. डिझेल, टर्बो, 1405 सीसी. पंधरा वर्षं 2022 च्या जुलैत भरली आणि त्याच वर्षी 1 एप्रिलपासून जुन्या गाडीच्या फेरनोंदणीची फी 600 वरून 5000 झाली होती. म्हणजे तीन महिन्यांनी हुकलो. पैसे भरले, पासिंग झालं, आता 2027 पर्यंत चिंता नाही. पुढचं त्या वेळी जो मालक असेल तो बघेल.

घेतली तेव्हा सगळ्यात जास्त तूच हसला होतास. "अ‍ॅम्ब्युलन्स कशाला घेतलीस?" पांढरा रंग, लांबलचक मागची बाजू, तुझंही बरोबर होतं. आपल्याकडे स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागपर्यंत लांबवून सामानाला जागा केलेली गाडी, कधी रुजलीच नाही. टाटांनी 1992 मध्ये इस्टेट आणली, 2004 मध्ये इंडिगोची ही मरीना. मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्या आल्या तशा गेल्या. मला वाटतं, चार पैसे जास्त देणाऱ्याला मागे वेगळी डिकी असलेली, साहेबी दिसणारी गाडी हवी असायची. आणि ज्याला खरंच सामान न्यायचं असे तो सरळ सुमो किंवा बोलेरो घेई, त्यात वर माणसंही जास्त बसत. आमचं घर नेमकं या दोघांच्या मधलं. सामान ढीगभर, पण आप्पांचे गुडघे असे की सुमोत चढायचं म्हणजे खाली स्टूल आणि वरून दोघांनी ओढणं. मरीनात ते खुर्चीवर बसावं तसे बसायचे.

तिची खरी परीक्षा दर मे महिन्यात. हिचं माहेर पावसचं, हे तुला माहीत आहेच. येताना मागची सीट पाडून बारा पेट्या हापूस, वर फणस, कोकमाची बरणी, आणि सासूबाईंनी आयत्या वेळी खिडकीतून आत सरकवलेली सुकटीची पिशवी. साध्या गाडीत वास डिकीत राहतो. हिच्यात पुढचं-मागचं सगळं एकच दालन, त्यामुळे साखरपा येईपर्यंत आंबा जिंकतो की सुकट, यावर आमच्या पैजा लागायच्या. सुकट. दरवर्षी सुकटच.

साखरप्याला चहा घ्यायचा आणि आंबा घाटाला लागायचं. इथे तुला नीट शिकून घ्यावं लागेल. हिचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, इंजिनाचे फेरे दोन हजाराच्या आसपास गेल्याशिवाय जागा होत नाही. वळणावर तिसऱ्यात राहिलास तर गाडी म्हशीसारखी बसते. वळण यायच्या आधीच दुसरा टाकायचा, एसी बंद करायचा आणि मग तिला तिच्या चालीने चढू द्यायचं. घाई करायची नाही. भरलेली असली की मात्र ती रस्ता धरून चालते, रिकामी असताना खड्ड्यात जी आदळते ती आदळत नाही. टायरमध्ये हवा तेवढी वाढवून घे. आणि रात्री भरून येत असशील तर दिवे खाली करून घे. मागे वजन पडलं की नाक वर होतं, समोरचा ट्रकवाला डिपर मारून मारून शिव्या घालतो.

घाट चढून मलकापूरला थांबलास तर लगेच चावी फिरवू नकोस. मिनिटभर इंजिन तसंच चालू राहू दे. टर्बोला तेल मिळत राहतं, तो जरा निवतो. मी हे पाळलं नाही आणि सातव्या वर्षी टर्बो बदलायची वेळ आणली. चूक सर्वस्वी माझी. मेस्त्रीने सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण ऐकेल तो मी कसला!

मागची काच उभी असल्यामुळे धूळ सगळी तिच्यावरच येऊन बसते. वायपरचं रबर दर पावसाळ्याआधी बदलत जा.

आणि तुझी अ‍ॅम्ब्युलन्स. 2016 मध्ये आप्पांचं खुब्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. सोडलं त्या दिवशी खरी अ‍ॅम्ब्युलन्स सांगितलेल्या वेळेला आलीच नाही, दोन तास वाट पाहिली. शेवटी सीट पाडली, खाली गादी, बाजूला उशा, आणि मी त्यांच्या पायाशी अंग चोरून बसलो. गाडी हिने चालवली. जयसिंगपूर, हातकणंगले, प्रत्येक स्पीडब्रेकरला ती ओरडून सांगायची, "आप्पा, धरा!" आप्पा छताकडे बघत पडलेले. मधेच म्हणाले, "सुध्याला सांग, त्याचं खरं झालं." तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

आप्पा गेले, पोरगी बंगळूरला गेली. बारा पेट्यांवरून आता दोनवर आलो. एवढी लांब गाडी दोघांसाठी बाजारात नेताना कसंतरीच वाटतं, आणि पार्किंगला जागा मिळत नाही ते वेगळंच. तुझ्या रोपवाटिकेला ती बरी पडेल, हे मलाही पटतंय. मोठ्या कुंड्या उभ्या राहणार नाहीत, पण रोपांचे ट्रे पुष्कळ बसतील.

तेव्हा पुढच्या महिन्यात ये. आपण दोघं आंबा घाटातून खाली जाऊ, येताना तू चालव. पैशाचं नंतर बोलू.

एक राहिलं. डिकी वर धरणारे गॅसचे दांडे म्हातारे झालेत, झाकण डोक्यावर येतं. म्हणून मी आत एक काठी ठेवलीय, टेकू द्यायला. आप्पांची आहे, खालून वीतभर कापलेली. तुला नवे दांडे बसवून देतो. काठी माझ्याकडेच राहील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या