सीपीआरचं सर्टिफिकेट सगळ्यांना, पुतळा एकच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

‘अमुक महाविद्यालयात प्रथमोपचार कार्यशाळा उत्साहात संपन्न’ अशा बातम्या पेपरात अधूनमधून येत असतात. फोटोत पाहुणे, शाल, बुके, मागं बॅनर आणि एका कोपऱ्यात चटईवर पडलेला तो छाती दाबायच्या सरावाचा रबरी पुतळा. अशीच एक कार्यशाळा आमच्याही कॉलेजात झाली. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव लिहित नाही कारण दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीही हेच सांगतात, मग एकट्या आमच्यावर खापर फोडून काय उपयोग. माझं म्हणणं एवढंच आहे की सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचा प्रयत्न, ही गोष्ट ऐकून येत नाही, हातानं करूनच येते, आणि आपण नेमका हातानं करायचा भागच उरकून टाकतो.

झालं असं की दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यातच निम्मा वेळ गेला. मग एका पाहुण्यांनी डॉ. कोटणीसांवर भाषण केलं. कोटणीस म्हणजे आपल्या सोलापूरचा अभिमान, १९३८ साली चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिकडंच वारले, भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघितलेलं आहे आम्ही सगळ्यांनी. पण साहेब, स्वतः कोटणीस हॉलमध्ये असते तर म्हणाले असते की भाषण आवरा आणि त्या पोरांना पुतळ्याजवळ येऊ द्या. हॉल गच्च भरलेला, पुतळा एक, आणि शेवटी उरलेल्या वेळात पुढच्या रांगेतल्या जेमतेम काही जणांचा नंबर लागला. बाकीच्यांनी व्हिडिओ काढले. सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना, ‘प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले’ असं छापलेलं.

शिकवायला आलेल्या सिस्टर मात्र एक नंबर होत्या. माईक बाजूला ठेवला, पदर कमरेला खोचला आणि सरळ गुडघ्यावर बसल्या. आधी आजूबाजूला बघा, वायर पडलीय का, गाड्या येतायत का, तुम्हीच आडवे झालात तर कोण बघणार. मग दोन्ही खांदे थोपटून जोरात हाक मारा, काका, ओ काका. उत्तर नाही, छाती हलत नाही, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा घोरका श्वास येतोय, तर त्याला श्वास समजू नका, तो श्वास नाही. आणि नुसतं ‘कुणीतरी फोन करा रे’ म्हणून ओरडायचं नाही, कारण मग कुणीच करत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केला असेल. बोट दाखवून सांगायचं, निळा शर्ट, तू १०८ लाव आणि स्पीकरवर ठेव.

माझा नंबर लागला कारण मी पुढं बसले होते. तळहाताचा खालचा भाग छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, बोटं गुंतवायची. त्या पुतळ्यात पुरेसं दाबलं गेलं की आत ‘टक्’ असा आवाज येतो. मी दाबतेय दाबतेय, आवाजच येईना. सिस्टर मागून म्हणाल्या, ‘कणिक मळतेस काय गं, कोपरं सरळ कर, खांदे हातांच्या बरोबर वर आण, अंगाचा भार टाक.’ तसं केल्यावर टक् वाजलं, आणि तेव्हा कळलं की मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटीमीटर खाली जायला हवी, सहाच्या वर नको, म्हणजे किती खोल. वाचताना पाच सेंटीमीटर काहीच वाटत नाही ओ, हातानं केल्यावर भीती वाटते की आत काहीतरी मोडतंय. सिस्टर म्हणाल्या खऱ्या माणसाची बरगडी मोडूही शकते, थांबायचं नाही, बरगडी जुळते. वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण वर येताना हृदयात रक्त भरतं आणि दाबताना ते मेंदूकडं जातं, अर्धवट वर आली तर पुढच्या दाबाला ढकलायला रक्तच नाही. मिनिटभरात माझे दंड भरून आले, घाम सुटला. दर दोन मिनिटांनी माणूस बदला असं का सांगतात ते तेव्हा समजलं. आता सांगा, हे व्हिडिओ बघून कुणाला कळणार आहे?

आणि हे सगळं घाईनं करायचं कारण हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि सीपीआर न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला माणूस वाचायची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. १०८ ची सेवा आपल्याकडं २०१४ पासून आहे, चांगलीच आहे, पण संध्याकाळी सात रस्त्याच्या ट्रॅफिकमधून विजापूर रोडला यायचं म्हणजे ॲम्ब्युलन्स काय उडत येणार नाही. तोवरची मिनिटं आजूबाजूला जे उभे आहेत त्यांचीच.

तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा या कल्पनेनंच निम्मी पोरं मागं सरकतात, आमच्या हॉलमध्ये तर हशाच पिकला होता. त्यावर सिस्टरांनी सांगितलं की ज्याला येत नाही किंवा द्यायचा नाही त्यानं नुसती छाती दाबावी, मोठा माणूस अचानक कोसळला असेल तर तेवढ्यानंही खूप फरक पडतो. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं तर २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबायचीच पद्धत सांगितलीय, तिला ‘कॉल्स’ (COLS, कम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) म्हणतात. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांना मात्र श्वासही द्यावा लागतो, तिथं तीस दाब आणि दोन श्वास. शेततळी, विहिरी, उजनीचं बॅकवॉटर असलेल्या जिल्ह्यात हा फरक पोरांना माहीत पाहिजे की नको?

अजून एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. पुतळा पुरुषाचा होता. एका मैत्रिणीनं धीर करून विचारलं की बाई असली तर? हॉल एकदम गप्प. बाई कोसळली की आजूबाजूचे पुरुष हात लावायला घाबरतात आणि बायका म्हणतात आम्हाला येत नाही, मग त्या बाईनं काय करायचं? सिस्टर एवढंच म्हणाल्या, हाताची जागा तीच, ओढणी, साडी आड येत असेल तर बाजूला करा, जवळच्या बायकांना सांगा गोल करून उभ्या रहा. एका मिनिटात विषय संपला, खरंतर याच्यावर तासभर बोलायला हवं होतं.

सीपीआर म्हणजे सगळा प्रथमोपचार नाही हेही आहेच. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, पारा ४३-४४ ला जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या परीक्षा. उन्हानं माणूस नुसता दमलाय, शुद्धीत आहे तर सावली, पाणी, ओआरएस. पण अंग तापलंय आणि बडबडायला लागलाय किंवा बेशुद्ध होतोय तर तो उष्माघात, आधी अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच १०८ लावा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आमच्याकडं याच्या बरोबर उलटं होतं, अंगावरचं पाणी राहतं बाजूला आणि सगळे तोंडात पाणी घालायला धावतात. फिट आली की कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, दातात चमचा हे तर अजून चालू आहे, कॉलेजात शिकलेली पोरंसुद्धा पहिल्यांदा चप्पलच काढतात. खरं काम सोपं आहे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूचं बाकडं सरकवा, धरून दाबू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा, आणि पाच मिनिटांच्या पुढं झटके चालले तर ॲम्ब्युलन्स. साप चावल्यावर वर करकचून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडानं चोखणं यातलं काहीच करायचं नाही, हातपाय हलू न देता सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) मिळेल त्या दवाखान्यात न्यायचं. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून रोज एसटीनं येणारी कितीतरी पोरं आमच्या वर्गात आहेत, शेतात राहतात, घोणस आणि मण्यार त्यांनी पुस्तकात नाही, बांधावर बघितलेत. त्यांना शिकवलं तर ते ज्ञान आपोआप गावात जाईल, वेगळी मोहीम काढायची गरज नाही.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. तिथल्या प्रथमोपचार पेटीत काय आहे विचारलं तर म्हणाले, कापूस आणि वाळलेली बाटली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) कलम ४५ होतं, साधारण दर १५० कामगारांमागं निदान एक पेटी आणि त्या पेटीवर प्रथमोपचाराचं मान्य सर्टिफिकेट असलेला माणूस, तोही कामाच्या वेळेत हजर. आमच्यातले कितीतरी जण डिग्री घेऊन अशाच कारखान्यांच्या ऑफिसात लागणार आहेत. मग तो ट्रेनिंग घेतलेला माणूस आमच्यातूनच का तयार होऊ नये? पण त्यासाठी सर्टिफिकेट खरं पाहिजे, आम्हाला मिळालं तसलं नको.

लोक पुढं का येत नाहीत याचं दुसरं मोठं कारण म्हणजे पोलिस केसची भीती. वडिलांना मी उत्साहानं सगळं सांगितलं तर त्यांचं पहिलं वाक्य, ‘रस्त्यावर कुणाला हात लावत बसू नकोस, केस अंगावर येईल.’ पुणे-हैदराबाद हायवेवर अपघात झाला की गर्दी होते, मोबाईल निघतात, हात निघत नाही, ते यामुळंच. सुप्रीम कोर्टानं ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी नियमावली पक्की केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. रस्ता अपघातात चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल केस होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही. हे आमच्या कार्यशाळेत कुणीच सांगितलं नाही, मी नंतर स्वतः शोधून वाचलं. वकिलीच्या कॉलेजातल्या एखाद्या सरांनी येऊन दहा मिनिटं एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं.

आता मागणी काय. नवीन शैक्षणिक धोरणात सहशालेय उपक्रमांना क्रेडिट आहेत, एनएसएस, एनसीसी, खेळ वगैरे. त्यातच आपल्या विद्यापीठानं प्रथमोपचाराचं प्रॅक्टिकल बसवावं, वीस-पंचवीसच्या बॅचमध्ये, आणि प्रत्येकानं पुतळ्यावर सलग दोन मिनिटं दाबून दाखवल्याशिवाय पास करू नये. आणि दरवर्षी परत, कारण सरावाविना हे काही महिन्यांत विसरतं. शिकवणारे बाहेरून आणायची गरज नाही, वैशंपायन मेडिकल कॉलेज आपल्याच गावात आहे, नर्सिंग कॉलेजं आहेत, त्यांची सिनियर पोरं-पोरी आम्हाला छान शिकवतील, एकाच वयाचे असल्यावर लाजही कमी वाटते. रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे कोर्स पूर्वीपासून आहेतच. पुतळ्यांच्या खर्चाचं म्हणाल तर गॅदरिंगला एका रात्रीच्या डीजेवर जेवढे जातात तेवढ्यात माझ्या अंदाजानं दोन-तीन तरी येतील, आणि चार कॉलेजांनी मिळून घेतले तर फिरते ठेवता येतील.

आणि फक्त विद्यार्थी नकोत. कँटीनवाले मामा, शिपाई, वॉचमन, लॅब असिस्टंट, बसचे ड्रायव्हर यांना आधी शिकवा, कारण आम्ही तीन वर्षांत निघून जातो, ते तिथंच असतात. आमच्या कार्यशाळेत शिपाईमामा हॉलच्या दारात उभं राहून सगळं नीट बघत होते, त्यांना आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही, चहा द्यायला मात्र बोलावलं. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर आणि आषाढीला पंढरपुरात एनएसएसची पोरं बंदोबस्ताला मदत करायला जातात, त्यांना तरी जायच्या आधी एक पूर्ण दिवस हेच शिकवा, नुसती टोपी आणि शिट्टी देऊन पाठवू नका, एवढ्या गर्दीत कुणीतरी चक्कर येऊन पडणारच असतं.

प्राचार्य मंडळींना अजून एक विनंती, यासाठी क्रेडिट लागत नाही की पाहुणे लागत नाहीत. आमच्या कॉलेजच्या मागच्या गेटला कायम साखळी असते आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि पुढच्या गेटसमोर टू-व्हीलर एवढ्या लागतात की ॲम्ब्युलन्स सोडा, रिक्षासुद्धा आत वळत नाही. ती किल्ली वॉचमनकडं द्या, गेटसमोरची पार्किंग हलवा, आणि १०८ ला फोन केल्यावर गाडीला कुठल्या गेटनं यायला सांगायचं ते ठरवून प्रत्येक मजल्यावर लिहून लावा.

आपली नम्र,
बीकॉम तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी,
अक्कलकोट रोड, सोलापूर