ताप कोणता, हे डोळ्यांना कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गोठ्यातील एका डुकरिणीने खाणे सोडले. दुसऱ्या दिवशी तिचे अंग तापाने फणफणले आणि कानांच्या कडा पिकल्या जांभळासारख्या झाल्या. आलेल्या पशुवैद्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की हा पारंपरिक स्वाइन फीवर (डुकरांचा विषाणूजन्य ताप) आहे की आफ्रिकन, हे नुसते पाहून ठरवता येणार नाही. त्यांचे बरोबरच होते, कारण दोन्हींत ताप सारखा, डागही सारखे. विषाणू मात्र अगदी वेगळ्या कुळांतले. पहिल्यावर लस आहे. दुसरा आपल्या देशात २०२० मध्ये प्रथम आसाम-अरुणाचलात सापडला, त्यावर आपल्याकडे लसही नाही, उपचारही नाही. आफ्रिकन निघाला, तर बाधित गोठ्याभोवती एक किलोमीटरच्या परिघातील सारी डुकरे मारावी लागतात. (माणसाला यांपैकी कोणताही ताप होत नाही, हे शेजाऱ्यांना पटवताना माझे दोन दिवस गेले.)

मेलेल्या डुकरिणीच्या प्लीहेचा तुकडा थर्माकोलच्या पेटीत, मासळी बाजारातून आणलेल्या बर्फात घालून पाठवण्यात आला. वाटेत दोन रात्री गेल्या, बर्फाचे पाणी झाले आणि 'नमुना तपासणीयोग्य नाही' एवढेच उत्तर आले. तोवर सात पिल्ले दगावली होती. कोणत्या तापाने, ते मला आजही माहीत नाही.

रक्तातील प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) तपासून भागेल, असे काही जण सुचवतात. पण आफ्रिकन तापात बहुतेक जनावरे प्रतिपिंडे तयार होण्याआधीच मरतात, आणि पारंपरिक तापाची लस टोचलेल्या जनावरात ती लसीमुळेही सापडतात. म्हणून एकाच नमुन्यात दोन्ही विषाणूंचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणीच हवी. आफ्रिकन विषाणू डीएनएचा, पारंपरिक तापाचा आरएनएचा; आणि पीसीआर चालते डीएनएवर. त्यामुळे आरएनएवरून डीएनए तयार करण्याची पायरीही तीत असावी लागते, नाहीतर पारंपरिक ताप निसटतो.

पक्की खातरजमा भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतच व्हावी, याबद्दल वाद नाही. परंतु पहिली चाचणी सिंधुदुर्ग-रत्नागिरीतच व्हावी आणि प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुने नेण्यासाठी शीतपेटी व ती पोचवणारा माणूस असावा, अशी पशुसंवर्धन विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. निकाल येईपर्यंत मी एकही डुक्कर विकणार नाही आणि हॉटेलातील खरकटे उकळल्याशिवाय घालणार नाही. तो निकाल मला दोन दिवसांत मिळावा.

आपला,
एक वराहपालक, सावंतवाडी तालुका, जि. सिंधुदुर्ग