गाठ किती मोठी ते सगळे विचारतात, तिला रक्त किती जातंय ते पण विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, माझ्या ताईला पण पाठवला. लक्षणं, सोनोग्राफी, ऑपरेशन सगळं नीट दिलेलं, पण एक गोष्ट त्यात नव्हती आणि आमच्या घरात सगळं त्या एका गोष्टीवरच फिरलं म्हणून लिहायला बसले. गाठीला रक्तपुरवठा किती आहे हे एमआरआयवर बघता येतं, आणि गर्भाशयाची पिशवी काढायची की नाही हे ठरवायच्या आधी ते बघायला हवं.

ताई ४३ वर्षांची, सिन्नरला असते. दीड वर्ष पाळीत इतकं अंगावरून जायचं की चार दिवस घराबाहेर पडायची सोय नाही, हिमोग्लोबिन ७.८ वर आलेलं, जिना चढताना धाप लागायची. सोनोग्राफीत ८ सेंटीमीटरची गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टची पहिली ओळ वाचली आणि म्हणाले दोन मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका, पुढच्या मंगळवारी या. पाच मिनिटं पण लागली नाहीत हो. दाजी पैशांच्या तयारीला लागले, ताई गप्प. मला ते गप्प बसणं सहन झालं नाही म्हणून मी तिला नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्या बाईंनी पूर्ण रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या आधी कॉन्ट्रास्ट एमआरआय करू, मला या गाठीत रक्त कुठून आणि किती जातंय ते बघायचंय.

आम्हाला वाटलं एमआरआय म्हणजे सोनोग्राफीचाच मोठा भाऊ, गाठ जरा स्पष्ट दिसेल एवढंच. तसं नाहीये. आधी नुसते फोटो घेतात, मग हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात (आपल्याकडे सगळे डायच म्हणतात) आणि काही सेकंदांच्या अंतराने परत परत फोटो काढत राहतात. जिथे रक्त पोचतं तिथे डाय पोचतो आणि तो भाग पांढरा होत जातो. गाठ किती लवकर पांढरी होते, किती पांढरी होते, बाजूच्या गर्भाशयाच्या स्नायूच्या मानाने कमी की जास्त, यावरून रक्तप्रवाहाचा आलेख काढता येतो. नंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा केला की फक्त डायने उजळलेला भाग उरतो, आणि गाठीचा मेलेला भाग काळाच राहतो. यात एक्सरेसारखं रेडिएशन नसतं. मात्र आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं, कारण किडनी फारच कमजोर असेल तर डाय जपून द्यावा लागतो, आणि अंगात पेसमेकर वगैरे काही असेल तर ते आधी सांगायचं.

ताईच्या एमआरआयमध्ये काय निघालं, तर ती ८ सेंटीमीटरची गाठ, जिच्यासाठी पिशवी काढायची होती, ती जवळजवळ डाय घेतच नव्हती. आतून आधीच सुकलेली, रक्तपुरवठा संपलेला. आणि आतल्या अस्तराला लागून, अर्ध्याहून जास्त पोकळीत आलेली दोन सेंटीमीटरची छोटी गाठ, ती मात्र लख्ख पांढरी. अंगावरून जात होतं ते या छोटीमुळे. ही छोटी गाठ सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्येही होती, तिसऱ्या ओळीत, पण तिथपर्यंत कोणी वाचलंच नव्हतं. ती योनिमार्गातूनच दुर्बिणीने काढली, पोटावर एकही टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. लोहाची इंजेक्शनं घेतली, आता हिमोग्लोबिन ११.६ आहे. मोठी गाठ आहे तिथेच आहे, सहा महिन्यांनी बघायची.

सगळ्यांचं असंच निघेल असं मी म्हणत नाहीये. पण रक्तपुरवठ्यावर उपचार कसे बदलतात ते कळल्यावर मी खूप वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. एम्बोलायझेशन नावाचा उपचार आहे, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमनीत वाळूसारखे बारीक कण सोडतात आणि गाठीचं रक्त तोडतात. याची सुरुवात पण ऐकण्यासारखी आहे. पॅरिसमध्ये रावीना नावाचे डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जावं म्हणून आधी धमनी बंद करून ठेवायचे, तर ऑपरेशनची वाट बघता बघता बऱ्याच बायकांचा त्रासच थांबला आणि त्यांना ऑपरेशनची गरज उरली नाही. त्यांनी हे १९९५ साली छापलं. म्हणजे ज्या गाठीला भरपूर रक्त आहे तिला हा उपचार लागू पडतो, आणि जी आधीच सुकलेली आहे तिचं रक्त तोडून काय मिळणार? ताईच्या मोठ्या गाठीवर हे केलं असतं तर खर्च आणि दुखणं दोन्ही फुकट. काही जणींच्या गाठीला अंडाशयाच्या धमनीतून पण रक्त येत असतं, ते आधी कळलं नाही तर गाठ अर्धवट जिवंत राहते, ते पण एमआरआयच्या अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या फोटोत, बऱ्याचदा दिसतं.

आणि दुसरा उपचार नेमका उलटा. ध्वनिलहरी एका जागी एकवटून गाठ तापवून मारायची, चिरफाड नाही, अमेरिकेत याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. तिथे जास्त रक्त वाहत असेल तर ते रक्तच उष्णता वाहून नेतं, गाठ हवी तेवढी तापत नाही. म्हणजे एका उपचाराला जे फायद्याचं ते दुसऱ्याला तोट्याचं, आणि नुसत्या सेंटीमीटरवरून यातलं काहीही कळत नाही.

उपचारानंतर पण हेच. एम्बोलायझेशन झाल्यावर रक्त लगेच तुटतं पण गाठ आकसायला महिने लागतात, महिन्याभराने सोनोग्राफी केली की आकार जवळपास तेवढाच दिसतो आणि घरचे घाबरतात की पैसे वाया गेले. तीनेक महिन्यांनी कॉन्ट्रास्ट एमआरआय केला की खरं कळतं, पूर्ण काळी असेल तर काम झालं, एखादा कोपरा पांढरा राहिला असेल तर तिथून परत वाढू शकते.

डॉपलर सोनोग्राफीत पण रक्तप्रवाह दिसतो, स्वस्त आहे, आधी तीच करावी. पण गाठ मोठी असली की खोलवरचं हळू वाहणारं रक्त त्यात निसटतं, बघणाऱ्याच्या हातावर पण बरंच असतं. प्रत्येकीला एमआरआय हवाच असंही नाही, गाठ लहान आहे, त्रास नाही, पाळी जायला आलीय, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. आणि गाठ कॅन्सरची नाहीच असं एमआरआय छातीठोक सांगू शकत नाही, संशय मात्र दाखवू शकतो.

मला जास्त लागतं ते आपल्या राज्याचं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीच्या चौकशीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या सगळ्या गाठींच्या नव्हत्या हे मान्य, पण "काढून टाका, कटकट मिटेल" हे वाक्य त्यांनी पण ऐकलेलं असणार, मी माझ्या ताईसाठी ऐकलंय. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण राज्यांना सांगितलं की अनावश्यक पिशवी काढणं रोखायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. मार्गदर्शक तत्त्वं कागदावर असून बाईला त्या पाच मिनिटांत काय उपयोग, तिला तिथे विचारता आलं पाहिजे.

डॉक्टरांवर माझा राग नाही, एका दिवसात साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्याला तिसरी ओळ वाचायला वेळ नसतो हे मला कळतं. पण रेडिओलॉजी सेंटरवाल्यांना विनंती आहे की रिपोर्टमध्ये गाठीच्या मापाशेजारी ती डाय किती घेते, कुठली गाठ पोकळीत आलीय हे मराठीत एका ओळीत लिहा. जिल्हा रुग्णालयांतून जिथे एमआरआय आहे तिथे ही तपासणी परवडेल अशा दरात मिळावी, ताईला साडेआठ हजार लागले, ऊसतोडीवरून आलेल्या बाईने ते कुठून आणायचे?

आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी या विषयावर लेख आला की सोबत एक छोटी चौकट छापा, डॉक्टरांना काय विचारायचं याची. गाठ कुठे आहे, तिला रक्त आहे की ती सुकलीय, अंगावरून जातंय ते नक्की कुठल्या गाठीमुळे. ताई म्हणाली चौकट आली तर ती कात्रण काढून सिन्नरच्या त्याच दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या बायकांना वाटेल, आणि ती वाटेल हे मला माहितीये.

आपली नेहमीची वाचक,
एक बहीण, नाशिक